सुपडूनानांच्या पोटात दुखतं

जळगावच्या बाजारात राजकुंवर साडी सेंटरमध्ये सुपडूनाना सरोदे साडी उघडायचे, तेव्हा शेजारी भांडी घ्यायला आलेल्या बायाही वाट वाकडी करून बघून जायच्या. घडी हातात घेतली, मनगटाला एक हिसका दिला, की काठ एका बाजूला आणि पदर थेट गिऱ्हाइकाच्या मांडीवर. बाकीच्यांनी हे करून पाहिलं. कुणाची साडी स्वतःच्याच डोक्यावर पडली, कुणाची चहाच्या कपात.

नाना असोद्याचे. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना सुपात घातलं होतं, त्यावरून नाव पडलं सुपडू. गिऱ्हाईक फारच घासाघीस करायला लागलं की ते म्हणायचे, "अक्का, मी पाखडून घेतलेला माणूस आहे, माझ्या मालात खडा नही सापडायचा." बाई हसायची, आणि हसलेली बाई रिकाम्या हाताने परत जात नाही, हे नानांना ठाऊक होतं.

खरी मजा असायची बस्त्याच्या दिवशी. आमच्या खानदेशात लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं गाडी करून येतात आणि नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळं एका बैठकीत घेतात. याला बस्ता फाडणं म्हणतात. व्याही रुसतात, विहिणी डोळे वटारतात, आणि मध्ये साड्यांच्या ढिगात बसलेला माणूस सगळ्यांना सांभाळतो. राजकुंवरमध्ये तो माणूस नाना. ज्याने बस्ता उघडला त्यानेच तो संपवायचा, मध्ये हात बदलायचा नाही, असा दुकानाचा रिवाज होता.

मालक रिखबशेठ. दुकानाला त्यांच्या आईचं नाव. शेठजींच्या काळात सगळे गादीवर बसून काम करायचे आणि दुपारी पाळीपाळीने मागच्या खोलीत जेवायचे. शेठजी स्वतः येऊन कुणाच्या डब्यात काय आहे ते बघायचे, आणि वांग्याचं भरीत दिसलं की लसणाच्या वासाने दोन पावलं मागे सरायचे. जैन माणूस, काय करणार! पण जेवल्याशिवाय कुणाला बाहेर येऊ द्यायचे नाहीत.

मग शेठजींचे गुडघे गेले आणि त्यांचा नातू अनुज दुकानात बसायला लागला. पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नानांच्या खांद्यावर बसून त्याने दुकानातला गणपती पाहिलेला. पण तो पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आला, त्याच सुमारास हायवेला कपड्यांचा एक मोठा मॉल उघडला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने गादी काढली. काचेचे काउंटर आणले, खाली गुळगुळीत फरशी घातली. आता गिऱ्हाईक बसणार आणि आपण उभं राहायचं. नानांचा मनगटाचा हिसका काउंटरवर चालेना, साडी पलीकडे घसरून जमिनीवर जायची.

शिवाय मोबाइलवर 'टीम राजकुंवर' नावाचा ग्रुप आला. ज्याची विक्री सगळ्यांत जास्त, त्याचा फोटो 'आजचा स्टार' म्हणून लागायचा. इथवर ठीक. पण ज्याची सगळ्यांत कमी, त्याचाही फोटो लागायचा, आणि खाली अनुज लिहायचा, 'आज यांना आपल्या प्रोत्साहनाची गरज आहे.' मग सगळ्यांनी टाळ्या पाठवायच्या. पहिल्यांदा नानांचा फोटो लागला तेव्हा टाळ्यांवर टाळ्या आल्या. बायको पुष्पाबाईंनी चुलीपासून डोकावून विचारलं, "अवो, कशाचा सत्कार झाला तुमचा?" नानांनी मोबाइल उशीखाली सरकवला. हा असला प्रेमळपणा कुणाला सुचतो देव जाणे. त्यापेक्षा शिवी परवडली.

त्या फोटोची नानांनी धास्ती घेतली. काउंटर सोडून जेवायला गेलं की गिऱ्हाईक शेजारच्याच्या खात्यात जाणार, म्हणून ते जेवायला जायचे बंद झाले. उभं राहून कंबर आणि टाचा ठणकायच्या, म्हणून मेडिकलमधून दुखण्याची लाल गोळी आणायची आणि उपाशीपोटी कोऱ्या चहाबरोबर ढकलायची. भरलेला डबा घरी नेला तर पुष्पाबाई फाडून खातील, म्हणून असोद्याच्या वाटेवर रेल्वे फाटकापाशी मोटारसायकल थांबवून तिथल्या कुत्र्याला भाकरी घालायची. कुत्रं चांगलं गुबगुबीत झालं. नानांची पँट मात्र पट्ट्यात गोळा व्हायला लागली.

पोळ्याच्या सुमाराला छातीखाली जळजळ सुरू झाली. नाना सोडा प्यायले आणि विसरून गेले. झोप मात्र गेली, ती गेलीच. पापणी मिटली की काउंटर दिसायचा.

आता रेशमाचं सांगायला हवं. रेशमा तडवी यावलच्या पलीकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. दुकानात ती आली साड्यांच्या घड्या घालायला. नानांनी तिचे हात पाहिले आणि शेठजींना सांगितलं, ही पोरगी मला द्या. मग तिला सगळं शिकवलं. काठाची कोणती जर टिकते, कोणता रंग पहिल्या धुण्यात पळतो. पाच बाया आल्या तर जी साडीला हात लावत नाही, निकाल तिचाच असतो, तेव्हा तिच्याकडे बघून बोलायचं. रेशमाने हे असं उचललं की तिचं बोलणं ऐकून नाना मागच्या मागे मान डोलवायचे. घरी पुष्पाबाईंना सांगायचे, "आपल्याले पोरगी असती तं अशीच असती."

दिवाळीत अनुजने रेशमाला फ्लोअर मॅनेजर केलं. सगळ्यांच्या वर, नानांच्याही वर. नाना स्वतः जाऊन सगळ्यांसाठी कचोरी घेऊन आले. तिने पाया पडल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोंडभर आशीर्वाद दिला, आणि दिवसभराच्या उपाशी पोटी ती तिखटजाळ कचोरी खाल्ली. थोड्याच वेळात पोटात अशी कळ आली की त्यांना काउंटरला धरून वाकावं लागलं.

शेजारच्या काउंटरवर रुपचंद होता. मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. तो ओरडला, "काय नाना, पोटात दुखायला लागलं का?"

सगळं दुकान हसलं. नानाही हसले. आणि घोटाळा झाला तो इथेच.

मराठी भाषेने काही बाबतींत माणसाची फार पंचाईत करून ठेवली आहे. डोकं दुखलं तर बाम लावता येतो, गुडघा दुखला तर चारचौघांत लंगडता येतं. पण दुसऱ्याचं बरं झालं त्याच दिवशी तुमच्या पोटात दुखलं, तर तोंडातून अक्षर काढायची सोय नाही. पोट दुखतं म्हणा नाहीतर पोटात दुखतं म्हणा, रुपचंदला तेवढंच पुरे.

नानांनी तोंडाला कुलूप लावलं. ते एक वेळ चाललं असतं, पण त्यांनी रुपचंदचं म्हणणं मनावर घेतलं. मोटारसायकलवर जाता येता तोच विचार. आपण हिला पोरीसारखं शिकवलं, हिचं चांगलं झालं आणि आपल्या पोटात आग पडली. म्हणजे इतकी वर्षं आपण स्वतःला चांगला माणूस समजत होतो, ते खोटंच? जळजळ पोळ्यापासूनची होती, तेव्हा कुणाला बढती नव्हती की काही नव्हतं, हे साधं गणित त्यांना सुचलं नाही. इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतका भाबडाही नाही.

दुखणं मत्सराचं ठरलं, मग औषधही तसंच. नानांनी ठरवलं की रेशमाचं कौतुक करायचं. कळ आली की कौतुक. सकाळी कळ आली की, "वा, आमच्या मॅनेजरबाई वेळेच्या आधी हजर!" दुपारी आली की गिऱ्हाइकाला सांगायचं, "आमच्या रेशमामॅडमसारखी पारख अख्ख्या जिल्ह्यात कुणाले नही." दुखणं वाढलं तसा डोस वाढला. पोटाला हात लावून, घाम पुसत, दात आवळून हा माणूस कौतुक करायचा. पोट काही बरं होईना.

रेशमा मात्र बदलली. आधी 'नाना, नाना' करत मागेमागे असायची, ती समोर यायची टाळायला लागली. मागच्या खोलीत जेवायलाही जाईना. कौतुक ऐकलं की तिचा चेहरा पडायचा. नानांना वाटलं, पोरीने आपल्या मनातलं काळं ओळखलं. त्या रात्री त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि बस्त्यांची गर्दी उसळली. एके दिवशी सकाळी नानांना शौचाला डांबरासारखं काळंकुट्ट झालं. काल वांग्याची भाजी होती, असं स्वतःलाच सांगून ते दुकानात गेले. पारोळ्याचा मोठा बस्ता होता, दोन जीप भरून माणसं. नानांनी बस्ता उघडला.

नवरीचा शालू झाला, मानाच्या साड्या सुरू झाल्या. नानांच्या कानात घूं घूं व्हायला लागलं. रंग सांगताना चुकायला लागले, मोरपंखीला डाळिंबी म्हणाले. रेशमा काउंटरपाशी आली आणि हळूच म्हणाली, "नाना, जेवून या. मी बघते."

रुपचंद बघत होता, अनुज बघत होता. हात बदलायचा म्हणजे बस्ता पोरीला देऊन नाना बाजूला झाले, असंच सगळे म्हणणार. नानांनी उसनं हसू आणलं. "ऐका बरं मंडळी! आमच्या मॅनेजरबाई केवढी काळजी घेतात! यांच्यासारखं माणूस..."

"बस करा ना, नाना," रेशमा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

नवरदेवाची आजी खुर्चीत गप्प बसून होती. तिने अजून एकाही साडीला हात लावला नव्हता. ती नानांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "भाऊ, तुनं तोंड काबर असं पांढरं पडी गयं? पोट दुखस का तुनं?"

रुपचंद खुदकन हसला. नाना म्हणाले, "नही माय, काही नही." त्यांचे हात साडीची घडी घालत होते, आणि घडी काही जमत नव्हती.

तेव्हा रेशमा सगळ्यांदेखत, मोठ्याने बोलली. "हसू नका रुपचंदभाऊ. नाना, माझ्याकडे बघा. पोटात दुखतंय ना तुमच्या?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं. आता लपवण्याएवढं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. "हो पोरी," ते म्हणाले. "लय दुखते." आणि काउंटरला धरत धरत ते खाली फरशीवर बसले.

"साड्या राहू द्या!" आजी ओरडली. "पहिले या माणूसले देखा रे कोनी!"

रेशमा आणि रुपचंदने मिळून नानांना रिक्षात घातलं. रुपचंद वाटभर रडत होता आणि रिक्षावाल्याला शिव्या देत होता. पारोळ्याचा उरलेला बस्ता अनुजने पुरा केला. साडी उघडता येईना म्हणून त्याने शेवटी काउंटर सोडला, जमिनीवर बसला आणि घामाघूम होऊन घड्या सोडवत राहिला. आजीने त्याला पाणी दिलं म्हणतात.

दवाखान्यात नानांना रक्त चढवलं, नळी घालून पोट पाहिलं. आत जखम होती आणि ती वाहत होती. नळीतूनच इलाज करून रक्त थांबवलं. थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरीणबाईंनी पुष्पाबाईंना बाहेर नेऊन सांगितलं. पुष्पाबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, मग पदराने तोंड पुसून आत आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांना बसवत होतं. पुष्पाबाई उशाशी, रेशमा पायाशी. शेठजींनी घरून मुगाची मऊ खिचडी पाठवली होती. डॉक्टरीणबाई कागदावर काहीतरी लिहीत होत्या. नानांनी धीर केला.

"बाई, एक विचारू? माणूस दुसऱ्यावर जळला, तं असं व्हते का?"

डॉक्टरीणबाईंच्या कानात त्यातला एकच शब्द गेला. "जळतं ना, जळणारच. कधीपासून जळतंय?"

नानांनी मान खाली घातली. "दिवाळीपासून, बाई."

"कुठलं दिवाळीपासून!" पुष्पाबाई उसळल्या. "पोयापासून सोडा पिऊन राह्यले हे. अन डबा घालता फाटकावरच्या कुत्र्याले! मले काय माहीत नही का? गावातली पोरं सांगता सगळं. म्हटलं, सांगतील आपल्या तोंडाने. बसली वाट पाहत, माझंच चुकलं."

डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला. उपाशीपोटी घेतलेल्या त्या लाल गोळ्या, न जेवणं, आणि वरून चोवीस तास कामाचा घोर. गोळ्यांनी जखम केली आणि बाकीच्यांनी ती चिघळवली, असं त्यांनी समजावून सांगितलं. मन कातावलं की शरीर त्याची किंमत चुकती करतं, आणि तुमचं तर विचारायलाच नको, म्हणाल्या. मग त्या शेजारच्या खाटेकडे वळल्या.

रेशमा नानांकडे बघत होती. "नाना, पोळ्याला तर मी तुमच्याच हाताखाली होते. जळायला तेव्हा होतं काय माझ्याकडे?"

नानांनी बोटांवर पोळा, गणपती, दसरा, दिवाळी मोजली. पुन्हा एकदा मोजली. "म्हणजे मी तुझ्यावर जळलो नही?"

"मला वाटलं तुम्ही टोमणे मारता! उठता बसता मॅनेजरबाई, मॅनेजरबाई. किती रडले मी! तुम्हाला पोट धरताना रोज बघत होते. पण विचारू कसं? मी विचारलं असतं, पोटात दुखतंय का, तर सगळे काय म्हणाले असते? तुम्ही काय म्हणाला असता?"

"ते टोमणे नव्हते वं," नाना म्हणाले. "ते औषध व्हतं."

आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. पुष्पाबाईंनी कपाळाला हात लावला. रेशमा हसता हसता रडायला लागली आणि रडता रडता हसायला. मग नाना म्हणाले, "पण खोटं काहून बोलू? त्या दिवशी थोडंसं वाटलं व्हतं. इतकी वर्षं झाली, मले कोणी विचारलं बी नही. पण तुझं वाईट व्हावं असं नही वाटलं पोरी. आईशप्पथ नही."

"माहीत आहे मला," रेशमा म्हणाली. तिने त्यांच्या पायावरची चादर नीट केली.

पुष्पाबाईंनी डबा उघडला. नानांना वाटीत थोडी खिचडी दिली आणि उरलेली रेशमापुढे सरकवली. "खाय माय. कालपासून उभी आहेस." रेशमाने दोन घास घेतले. तिसरा तोंडाशी नेला आणि ती एकदम उठून मोरीकडे पळाली.

परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. नानांनी तिच्याकडे नीट पाहिलं. किती दिवसांत पाहिलंच नव्हतं. गालाची हाडं वर आली होती, बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या.

"हे कधीपासून?" नानांनी विचारलं.

"काही नाही नाना. होतं असं."

"रेशमा."

ती खाली बघत बोलली. मॅनेजर झाल्यापासून. दुकानाचा जिना चढताना छाती धडधडते. सकाळी अनुजभैया विक्रीचं विचारतात, त्याच्या आधीच उलटी होते. खाल्लेलं राहतच नाही, म्हणून मागच्या खोलीत जेवायला जात नव्हते. गावाकडे सांगितलं तर म्हणतील, पोरीला एवढं मोठं पद मिळालं आणि हिला पचत नाही.

नानांनी वाटी खाली ठेवली. महिनाभर आपण हिच्या ताटाकडे बघून झुरत होतो, आणि हिच्या ताटात हे वाढलेलं होतं. त्यांना पोरीची इतकी कणव आली की डोळ्यांपुढचं दिसेना. सलाईनचा हात सांभाळत ते कोपरावर उठले. पुष्पाबाई 'अवो, अवो' करत राहिल्या. डॉक्टरीणबाई दारातून बाहेर पडत होत्या.

"बाई!" नानांनी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी हाक मारली. "माझं राहू द्या, मी आता बरा आहे. आधी या पोरीले तपासा. हिच्या पोटात दुखतंय, अन ही कोणाले सांगत नही."